भांडं, घागर आणि काचतरंग

‘भांडं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मांडणी येते, ओटा येतो, घासायला पडलेला ढीग येतो. ज्या संस्कृत ‘भाण्ड’पासून हा शब्द आला, त्याचा संसार याहून बराच मोठा होता. घागर, पातेलं हे तर भाण्ड होतंच; शिवाय व्यापाऱ्याचा माल, कारागिराचं अवजार आणि वाजवायचं वाद्य यांनाही भाण्डच म्हणत. मालाच्या अर्थाची फांदी मराठीत ‘भांडार’ आणि ‘भांडवल’ या शब्दांत वाढली. वाद्याच्या अर्थाची फांदी भरताच्या नाट्यशास्त्रात दिसते. कातड्याने मढवलेल्या वाद्यांना तिथे ‘भाण्डवाद्य’ असं नाव आहे. आजच्या बोलण्यात हा अर्थ उरलेला नाही. तरी घरात दोघांचं वाजलं की ‘भांड्याला भांडं लागायचंच’ असं आपण सहज म्हणून जातो. यातली ‘वाजणं’ आणि ‘लागणं’ ही दोन्ही क्रियापदं वाद्यालाही तितकीच चालतात. पेटी वाजते, सूर लागतो, मैफलीआधी तबला लावून घेतात.

पाणी प्यायच्या पेल्यांपासून केलेलं वाद्य कुणी वाजवलं, तर आपण ते परदेशातून आलेलं नवल म्हणून पाहतो. काचेचे पेले ओळीत मांडलेले, कशात कमी पाणी, कशात जास्त, आणि ओल्या बोटाने किंवा काडीने त्यातून निघणारी धून. पण शब्दांचा माग काढत गेलं की कळतं, भांडं आणि वाद्य यांच्यात आपल्या भाषेने पक्की भिंत कधी घातलीच नव्हती. मला हा माग गगनबावड्यापासून काढावासा वाटतो, कारण भांडं, पाणी आणि नाद हे तिन्ही शब्द तिथल्या जमिनीवरच लिहून ठेवलेले आहेत.

कोल्हापुरापासून साधारण 55 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन कडेला हे गाव आहे. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो. ‘आज्ञापत्र’ लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याची जहागीर इथली, म्हणून ते घराणं ‘पंत अमात्य बावडेकर’. गावाच्या नावातलं ‘गगन’ शेजारच्या गगनगडाचं. आणि ‘बावडा’? घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला गेलात की कोकणात विहिरीला ‘बाव’ म्हणताना ऐकू येतं. संस्कृत ‘वापी’, तिची प्राकृतात ‘वावी’, तिची ‘बाव’ आणि ‘बावडी’. ‘बावडा’ हा त्याच कुळातला शब्द दिसतो. घाटाच्या वर गगनबावडा आणि घाटाच्या खाली भुईबावडा, अशी ही जोडी आहे. एक बाव आभाळाला टेकलेली, एक भुईवरची. पाणी धरून ठेवणाऱ्या जागेवरून गावांना नावं मिळाली आणि पाऊस कुठून येतो, कुठे जातो, तेही त्या दोन नावांत आलं.

याच तालुक्यातून कुंभी नदी वाहते. पुढे ती पंचगंगेच्या कुळात सामील होते. कुंभी म्हणजे लहान घडा. सह्याद्रीत कुंभा नावाचं झाडही आहे, त्याचं गोल फळ घड्यासारखं म्हणून ते नाव. नदीला नाव घड्यावरून पडलेलं असो की झाडावरून, मुळाशी ‘कुंभ’च आहे. आणि ‘नदी’ हा शब्द तर थेट आवाजाचा. ‘नद्’ म्हणजे आवाज करणं, गर्जणं. त्या धातूपासून ‘नाद’ आला आणि त्याच धातूपासून ‘नदी’. जी वाहते ती नदी, हा अर्थ आपण नंतर लावला. भाषेने तिला आधी ऐकलं आणि मग नाव दिलं. पावसाळ्यात गावालगतच्या करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं तर दाट धुक्यात पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. ‘नदी’ हा शब्द असाच कुठेतरी जन्माला आला असणार.

वाद्याच्या जन्माची आपली सर्वांत जुनी कथाही पावसाचीच आहे. नाट्यशास्त्रात ती स्वाती मुनींच्या नावावर आहे. अनध्यायाच्या, म्हणजे अभ्यासाला सुट्टी असलेल्या, एका दिवशी ते पाणी आणायला तळ्यावर गेले. मुसळधार पाऊस आला. तळ्यात कमळाची पानं होती, काही मोठी, काही मध्यम, काही लहान. सरी त्यांवर पडत होत्या आणि प्रत्येक पानाचा आवाज निराळा उमटत होता. मुनींनी तो मनात धरून ठेवला आणि आश्रमात परतल्यावर विश्वकर्म्याच्या मदतीने तसेच आवाज देणारी वाद्यं घडवली. त्या वाद्यांचं नाव ‘पुष्कर’, म्हणजे कमळ. या कथेत वाद्यशास्त्राचा एक पक्का नियम सांगून टाकला आहे: आकार बदलला की सूर बदलतो. लहान-मोठ्या पेल्यांची ओळ मांडणारा माणूस हाच नियम वापरतो.

दुसरा नियम पुढे येतो. पुष्कर वाद्यं ठराविक स्वरांत लावण्यासाठी त्यांच्या तोंडाला नदीकाठची काळी माती लावायला भरताने सांगितलं आहे. या लेपाला शब्द आहे ‘मार्जना’. ही रीत संपलेली नाही. भजनी मंडळातला पखवाजवाला आजही कार्यक्रमाआधी डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतो आणि सूर खाली आणतो. तबल्यावरची शाई हा त्याच विचाराचा कायमचा केलेला अवतार. थरथरणाऱ्या वस्तूवर भार चढला की तिची थरथर मंदावते आणि सूर उतरतो. मातीचा लेप, कणकेचा गोळा आणि पेल्यातलं पाणी ही एकाच कामाची तीन साधनं आहेत.

आता ‘घागर’ घ्या. संस्कृतात ‘गर्गर’ म्हणजे पाण्याचा भोवरा, घुसळायचं भांडं आणि ‘गर्गरी’ म्हणजे पाण्याचं पात्र. त्यातून आपली घागर आली. पण ऋग्वेदात ‘गर्गर’ हा शब्द वाजणाऱ्या वस्तूसाठी आला आहे आणि अभ्यासकांनी ते वाद्य मानलं आहे. म्हणजे भांड्याप्रमाणेच घागरीच्याही वंशावळीत एक वाद्य बसलेलं आहे. आणि ही नुसती कोशातली गोष्ट नाही. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागरी फुंकतात. धुपाने भरलेली घागर दोन्ही हातांत धरायची, तिच्या तोंडाच्या काठावरून फुंकर घालायची, आणि आतली हवा घुमू लागते. एरवी पाणी भरायची घागर त्या रात्री सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं, वाद्य होते. तिकडे गोव्यात मातीच्या मडक्याला कातडं चढवलं की त्याचा घुमट होतो. 2019 साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान दिला. मडकं एकच, फुंकलं तर एक वाद्य, मढवलं तर दुसरं.

भांडं वाजवून पाहणं ही तर आपली बाजारातली रोजची सवय. माठ घेणारी बाई तो उचलून धरते आणि बोटाच्या पेराने ठोकते. खणखणीत वाजला तर तो घरी येतो, बद्द वाजला तर परत ठेवला जातो. ‘बद्द’ हा शब्द कोशकारांनी ध्वन्यनुकारी म्हणून नोंदवून सोडून दिला तरी त्यात पदार्थविज्ञान आहे. बारीक चीर असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, थरथर तिथेच विरते आणि आवाज लांबत नाही. अखंड मडक्यात ती सगळ्या काठाभर खेळते. काचेचंही तसंच. बांगडी किंवा पेला ‘टिचला’ आहे का, हे ‘टिचकी’ मारून बघतात. टिचणं आणि टिचकी, एकाच आवाजातून उगवलेले हे दोन शब्द. एक दोष सांगतो, दुसरा तो शोधून देतो. ‘खणखणीत’ हा शब्द मडक्याच्या आणि नाण्याच्या बाजारातून निघून गाण्यापर्यंत पोचला. आपण गवयाचा आवाज खणखणीत म्हणतो, तेव्हा माठ घेणाऱ्या त्या बाईचीच कसोटी लावत असतो.

कानाने धातू आणि माती ओळखायची ही सवय भांड्यांच्या नावांतही उतरली आहे. ‘तांब्या’ हा तांब्याचा म्हणून तांब्या. ‘चंबू’ दक्षिणेतून आला. कानडी-तमिळमधल्या ‘चेंबु’ शब्दात तांबंच आहे. ‘शिशी’ फारसी ‘शीशा’पासून आली आणि शीशा म्हणजे काच. ‘ग्लास’ इंग्रजीतून आला आणि ग्लास म्हणजेही काच. चार वेगळ्या वाटांनी आलेल्या या चार शब्दांत वस्तूचं नाव तिच्या द्रव्यावरून पडलं आहे. पुढे द्रव्य बदललं तरी नाव हललं नाही. आज आपण स्टीलच्या तांब्यातून स्टीलच्या ग्लासात पाणी ओततो आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘शिशी’ आणि ‘शिसं’ हे शब्द ऐकायला सख्खे वाटतात, पण शिसं हे संस्कृत ‘सीस’पासून आलं आहे आणि शिशी फारसीतून. दोघांचं नातं भाषेत नाही. भट्टीत मात्र ते जुळलं. 1674 साली लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढे तिच्यात शिशाचं भस्म मिसळलं. अशी काच जड, लखलखीत आणि आवाजाला लांब होते. टिचकी मारल्यावर तिचा सूर साध्या काचेपेक्षा बराच वेळ टिकतो. पेल्यांचं वाद्य युरोपात पुढच्या शतकात फुललं, त्यामागे या काचेचा मोठा हात आहे.

भांड्यांच्या नावांची दुसरी रांग आकारावरून आणि उपयोगावरून लागते. ‘वाटी’ ही ‘वृत्त’ म्हणजे गोल या अर्थाच्या शब्दाची लेक, ‘वाटोळा’ची जवळची नातलग. ‘फुलपात्रा’चा काठ बाहेर उमललेला असतो. ‘पेला’ फारसी ‘पियाला’पासून आला. शिवकाळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्या प्रयत्नाची थोरवी मोठी आहे. पण पेला मराठीतच राहिला, कारण तो लोकांच्या ओठांना रोज लागत होता. नवा शब्द घडवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याकडे शेवटी येऊ.

द्रव्यावरून पडलेल्या नावांत मला सर्वांत जास्त ‘कासार’ आवडतो. कासार म्हणजे कांस्यकार, काशाचं काम करणारा. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिलाफ, घंटेचा धातू. काशाच्या वाटीने आपण तळपाय घासतो आणि काशाचेच टाळ वाजवतो. पण आज कासार म्हटला की गावात बांगड्या भरणारा माणूस आठवतो, आणि बांगड्या असतात काचेच्या. सर्वांत चांगलं वाजणारा धातू आणि सर्वांत नाजूक किणकिणणारी काच, दोन्ही एकाच नावाखाली नांदतात. महाराष्ट्रात काच फार काळ या बांगड्यांच्याच रूपाने घरात होती. 1908 साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, एकेक पैसा गोळा करून. 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. ‘काच पुसून ठेव’ म्हणजे कंदिलाची काच पुसून ठेव, हा अर्थ सांगावा लागत नसे. स्वदेशीच्या जिद्दीतून घडलेली काच अशी रोजच्या बोलण्यात आली. पेलाही मग काचेचा झाला.

आता ‘तरंग’. ‘तॄ’ म्हणजे ओलांडणं, पार होणं. त्या धातूपासून तरणं, उतरणं, अवतार, तीर्थ, आणि त्याच घराण्यात तरंग. जलतरंगात चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडतात. सर्वांत मोठी, खर्जाची वाटी वादकाच्या डावीकडे, मग उजवीकडे लहान लहान होत जातात. दोन्ही हातांत बांबूच्या किंवा वेताच्या बारीक काड्या. काठावर काडी पडली की सूर निघतो आणि पाण्यावर वलयं उठतात, म्हणून तरंग. वाद्याला इतकं बरोबर नाव क्वचितच मिळतं. पण भाषा तिथे थांबली नाही. लाकडी पट्ट्यांची ओळ झाली ‘काष्ठतरंग’. मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी बंदुकीच्या नळ्या कापून सुरात लावल्या, त्याचा झाला ‘नलतरंग’. वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले भोवती मांडून कमलेश मैत्र वाजवत, तो ‘तबलातरंग’. यांत पाण्याचा थेंब नाही. म्हणजे ‘तरंग’ या शब्दाने पाणी ओलांडलं आणि सुरात लावलेल्या एकाच जातीच्या वस्तूंची ओळ, असा नवा अर्थ घेतला. ‘तॄ’ धातूला साजेसंच झालं.

जलतरंगाचं वय सांगताना वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीतलं ‘उदकवाद्य’ पुष्कळदा पुढे केलं जातं. तिथे जपून बोलावं. त्यावरच्या ‘जयमंगला’ या टीकेत उदकवाद्याचा अर्थ पाण्यावर हातांनी थाप मारून मृदंगासारखा आवाज काढणं असा दिला आहे. ती जलक्रीडेतली कला आहे, वाट्यांचं वाद्य नव्हे. जलतरंगाच्या इतिहासात सतराव्या शतकातला अहोबलाचा ‘संगीतपारिजात’ आणि जयपूरच्या सवाई प्रतापसिंहांचा ‘संगीतसार’ या ग्रंथांची नावं घेतली जातात, तीच वाट अधिक भरवशाची. अहोबलाने तर वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा मोजून सांगितल्या. सूर मापता येतो, हे त्याने आपल्याला दाखवलं. महाराष्ट्रात हे वाद्य जिवंत आहे ते घरातल्या घरात दिलेल्या विद्येमुळे: पुण्याचे मिलिंद तुळाणकर ते आपले आजोबा शंकरराव कान्हेरे यांच्याकडून शिकले.

सूर मापायची गोष्ट पेल्यांवर करून बघण्यासारखी आहे. आधी पाण्याचे दोन आवाज वेगळे करायला हवेत. नळाखाली तांब्या धरला की भरता भरता त्याचा आवाज चढत जातो, आणि तांब्या काठोकाठ आला हे पाठमोऱ्या माणसालाही कळतं. तिथे वाजते ती आतली हवा. पाणी वाढतं, हवेचा खांब आखूड होतो, आवाज बारीक होतो. घागर फुंकतानाही हवाच वाजते. पेल्याला टिचकी मारली की मात्र पेल्याची भिंत वाजते, आणि पाणी त्या भिंतीला जडपणा देतं. म्हणून तिथे उलट घडतं: पाणी चढतं तसा सूर उतरतो. गगनबावड्याला ज्याच्या घरावरचं कौल सरकलेलं असेल त्याला यातला तिसराही आवाज माहीत असतो. गळतीखाली हाताला येईल ते ठेवायचं, पातेलं, डबा, तांब्या. पहिले थेंब रिकाम्या बुडावर ‘टण्’ वाजतात. तळाला पाणी साचलं की ‘टप्’ सुरू होतं. तो ‘टप्’ थेंबाच्या आघाताने पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या चिमुकल्या बुडबुड्याचा असतो.

पेले लावायचे तर आधी निवड. स्टँडसमोरच्या गाड्यावर कटिंग मिळतो तो जाड भिंतीचा ग्लास ‘टक्’ म्हणून गप्प बसतो. पातळ भिंतीचा, खालून दांडी असलेला पेला लांब वाजतो, कारण त्याचा बाऊल हाताला किंवा टेबलाला टेकलेला नसतो. एकाच आकाराच्या दोन पेल्यांत जो जाड काचेचा, त्याचा सूर चढा. एकाच जाडीच्या दोनांत जो रुंद, त्याचा सूर खाली. रिकाम्या पेल्याचा सूर हाच त्याचा सर्वांत वरचा सूर. पाणी घालून तो उतरवता येतो, चढवता येत नाही. म्हणून हवा असलेल्या सुराहून किंचित वर बोलणारा पेला निवडावा लागतो. मग पेटीवर सा धरायचा आणि पाणी घालू लागायचं.

इथे एक गोष्ट ध्यानात येते, जी पुस्तकात वाचून पटत नाही. पाव पेला पाणी ओतलं तरी सूर जवळजवळ हलत नाही. निम्मा भरला तरी थोडासाच उतरतो. आणि मग काठाजवळ एकेक चमचा पाणी त्याला झरझर खाली आणतं. कारण पेला सर्वांत जास्त थरथरतो तो काठाशी. बुडाशी तो दांडीला बांधलेला आणि जवळपास स्थिर असतो. जिथे हालचाल नाही तिथे ओझं टाकून उपयोग काय? तेव्हा शेवटची जुळणी चमच्याने नाही, ड्रॉपरने करायची. पाठ्यपुस्तकांत षड्ज 240 आंदोलनांचा धरला तर पंचम 360 चा आणि तार षड्ज 480 चा. पण पेले लावणारा माणूस आकड्यांकडे बघत नाही. सा आणि प एकत्र वाजवले की आधी आवाजात लाटा येतात, वाव-वाव असं काहीतरी. थेंबागणिक त्या लाटा सावकाश होतात आणि एका क्षणी पुसल्या जातात. सूर मिळाला. मैफल लांबली की पाणी थोडं उडून जातं, सूर चढू लागतो, आणि जुळणी पुन्हा करावी लागते.

वाजवायच्या दोन रीती आहेत. काडीने वाजवलं की ते जलतरंगाचं भावंड. दुसरी रीत बोटाची. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, तेलाचा अंश राहता कामा नये. बोट ओलं करायचं, एका हाताने पेल्याचं बूड धरायचं आणि काठावरून बोट सावकाश फिरवायचं. बोट क्षणभर काचेला धरतं आणि सुटतं, पुन्हा धरतं आणि सुटतं, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. मराठीत दोरी किंवा जोडा घासून त्रास देतो त्याला ‘काचणं’ म्हणतात. तो ‘काच’ पुल्लिंगी, आणि आपली ‘काच’ स्त्रीलिंगी. शब्द सारखे दिसतात म्हणून नातं जोडायचं नाही, पण या वाद्यात दोघांची गाठ पडते खरी.

बोटाच्या घर्षणाने पाण्यावर उठणारी वलयं गॅलिलिओने बारकाईने पाहिली होती. 1638 च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलं आहे की पेल्याचा सूर एकाएकी सप्तक वर उडाला की पाण्यावरची प्रत्येक लाट दोन भागांत फुटते. नाद डोळ्यांनी मोजण्याचा हा प्रयोग आणि ‘तरंग’ हे आपलं नाव, दोन्हींना दिसलं ते एकच. पुढच्या शतकात आयर्लंडच्या रिचर्ड पॉकरिचने पाण्याच्या पेल्यांवर कार्यक्रम केले. 1746 साली ग्लुक या संगीतकाराने लंडनमध्ये 26 पेले वाजवले. केंब्रिजच्या एडवर्ड डेलावलचं वादन ऐकून बेंजामिन फ्रँकलिनला वाटलं की पाणी भरणं-काढणं टाळता आलं पाहिजे. त्याने 1761 साली वाडग्यासारखे 37 काचपेले वेगवेगळ्या मापांचे फुंकवून घेतले, घासून सुराला लावले आणि एकात एक बसवून आडव्या कांबीत ओवले. पायटा मारला की कांब फिरते, ओली बोटं काठांवर टेकली की सूर निघतात. मोझार्टने 1791 साली या वाद्यासाठी रचना केल्या.

फ्रँकलिनने नाव दिलं ‘आर्मोनिका’, इटालियन भाषेला मान म्हणून. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘हार्मोनिया’ आहे, आणि तिचा पहिला अर्थ सांधा, दोन भाग नीट बसवणं. आपण काय म्हणतो? तंबोरा जुळवतो. ‘जुळणं’ हे ‘जुळं’ आणि ‘युगल’ यांच्या घरातलं, दोघांना जोडी करणारं. ग्रीक सुतार आणि मराठी तंबोरजी यांना एकाच गोष्टीत सुख वाटलं: दोन भाग असे बसावेत की फट दिसू नये. त्याच ग्रीक शब्दाने पुढे हार्मोनियमला नाव दिलं. आपण मात्र हार्मोनियमला ‘पेटी’ म्हटलं. किती बरोबर केलं! तत्त्वाचं नाव बाजूला ठेवून, हाताला लागणाऱ्या वस्तूचं नाव घेतलं. संस्कृत ‘भाण्डा’तही पेटी आणि वाद्य शेजारी शेजारीच होती.

मग पेल्यांच्या या वाद्याला मराठीत काय म्हणावं? ‘ग्लास हार्प’ हे नाव उचलण्याची गरज नाही. आपल्याकडे हार्प हे वाद्यच घरोघर नाही. ‘जलतरंग’ हे नाव चिनी मातीच्या वाट्यांनी कमावलेलं आहे, आणि काही पेले पाण्याशिवायही सुरात लावता येतात. मला ‘काचतरंग’ हा शब्द योग्य वाटतो. तो काष्ठतरंगाच्या पंक्तीला बसतो. तांब्या, चंबू, ग्लास यांच्याप्रमाणे तो द्रव्याचं नाव घेतो, म्हणजे मराठीने भांड्यांची नावं ज्या रीतीने ठेवली ती पाळतो. आणि ‘तरंग’ त्यात दोन्ही अर्थांनी येतो, पाण्यावरची लाट आणि सुरांची ओळ.

पण शब्द लेखात सुचवून रुजत नाही. ‘पेला’ टिकला तो रोजच्या वापराने. म्हणून माझं मागणं गगनबावड्याच्या आणि त्याच्यासारख्या पावसाच्या गावांतल्या शिक्षकांकडे आहे. पावसाळ्यात मैदान बंद असतं आणि संगीताच्या तासाला पेटी एकच असते. आठ काचेचे पेले, एक तांब्या पाणी, एक ड्रॉपर, लाकडी काडी आणि सा देणारी ती एकुलती पेटी, एवढ्यावर एक सप्तक उभं राहतं. भार वाढला की सूर उतरतो हे विज्ञान, सा-पचा मेळ हे संगीत आणि खणखणीत-बद्द-टिचकी ही भाषा, तिन्ही विषय एका टेबलावर मावतात. मुलांनी पेले स्वतः लावले पाहिजेत, सांडले तरी चालेल. आणि त्या तासाला फळ्यावर, वहीत, मुलांच्या तोंडी ‘काचतरंग’ हाच शब्द असू द्या. चार पावसाळ्यांत तो मराठी होईल.